चौघांचा मेळ आणि चौथी जागा

मराठवाड्यातील व्यापारी कुटुंबांचे कोणतेही शुभकार्य वाद्यांच्या साक्षीनेच पार पडते. लातूरच्या अडत बाजारात नवे दुकान उघडो, नांदेडच्या पेढीवर नव्या गादीचा मुहूर्त असो किंवा घरात कन्येचा विवाह असो, पाहुणे येण्यापूर्वी वाजंत्री दारात हजर असतात. त्यांची नावे फारशी कोणी विचारत नाही. पानसुपारी होते, बिदागी ठरते, कार्य संपते आणि मंडळी आपल्या वाटेने निघून जातात.

बिदागी ठरवताना मात्र एक प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो, ‘चौघांऐवजी तिघे आले तर नाही का चालणार?’ प्रश्न व्यवहाराचा आहे आणि हिशेबी माणसाने तो विचारण्यात गैर काही नाही. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी हे चौघे कोण, प्रत्येकाचे काम काय आणि एक जण गळाला म्हणजे नेमके काय गळते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे. नांदेड-लातूरच्या परिसरातील गोंधळापासून युरोपातील तंतुवाद्यांच्या चौकडीपर्यंत चार जणांचे मेळ पाहिले, तर या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडते.

चारच का?

भारतीय संगीतशास्त्राने वाद्यांचे चार वर्ग फार पूर्वीच सांगितले. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात ते येतात. तारेवर वाजणारी ती तत वाद्ये, फुंकीने वाजणारी सुषिर, चामड्याने मढवलेली अवनद्ध आणि एकमेकांवर आघात करून वाजवायची धातूची वा लाकडाची ती घन. वीणा, बासरी, मृदंग आणि टाळ ही त्यांची चार परिचित उदाहरणे.

याचा अर्थ प्रत्येक मेळात चारच माणसे असावीत असा नियम आहे, असे नव्हे. दोघांची जुगलबंदी रंगते आणि दिंडीत टाळकऱ्यांची संख्या कोणी मोजत नाही. पण कोणत्याही मेळात चार कामे करावीच लागतात. कोणीतरी गाणे पुढे न्यायचे, कोणीतरी त्याला साथ वा उत्तर द्यायचे, कोणीतरी आधाराचा सूर अखंड धरून ठेवायचा आणि कोणीतरी लय सांभाळायची. चार माणसे असली की प्रत्येक कामाला एक धनी मिळतो. कोणी रिकामा राहत नाही आणि कोणावर दुहेरी भारही पडत नाही. शिवाय गावोगाव हिंडणाऱ्या कलावंतांना चौघांचा मेळ सोयीचा पडे. एका बैलगाडीत ते मावत, एका ओसरीवर त्यांची पंगत बसे आणि यजमानालाही त्यांचा भार होत नसे.

या विषयाचा शास्त्रशुद्ध विचार मराठवाड्याच्याच भूमीत झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव होते. त्यांचे घराणे मूळचे काश्मीरचे. दरबारातील त्यांचे पद हिशेब व दप्तर सांभाळणाऱ्या प्रमुख अधिकाऱ्याचे होते. दिवसभर जमाखर्च पाहणाऱ्या या पुरुषाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला आणि पुढील सातशे वर्षे उत्तर व दक्षिण अशा दोन्ही परंपरांनी तो प्रमाण मानला. त्याच शतकातील दिगंबर जैन आचार्य पार्श्वदेव यांचा ‘संगीतसमयसार’ हाही संगीतशास्त्रातील मान्यताप्राप्त ग्रंथ होय.

शार्ङ्गदेवांनी वाद्यगायनाच्या समूहाला ‘वृंद’ म्हटले आणि त्याच्या प्रती लावून दिल्या. उत्तम गायनवृंदात चार मुख्य गायक, त्यांना साथ देणारे आठ गायक, बारा गायिका, चार बासरीवादक आणि चार मृदंगवादक असावेत, असे ते सांगतात. एकूण ३२ माणसांच्या या मोजणीत एक गोष्ट लक्षात येते. मुख्य गायक चार आणि त्यांना साथ देणारे अठ्ठावीस. गाणे पुढे नेणाऱ्यापेक्षा ते तोलून धरणारे अधिक लागतात, हे हिशेबाच्या जाणकाराने बरोबर ओळखले होते.

माहूर आणि तुळजापूरची दोन घराणी

देवगिरीचा दरबार अस्तास गेला, वृंदही गेले. पण मेळ बांधण्याची रीत लोककलावंतांनी टिकवली. त्यातील सर्वांत सुबक उदाहरण गोंधळाचे. महाराष्ट्रातील गोंधळी परंपरेने दोन शाखांचे मानले जातात. माहूरच्या रेणुकामातेचे उपासक ते रेणुराई आणि तुळजापूरच्या भवानीचे उपासक ते कदमराई. माहूर हे नांदेड जिल्ह्यात. तुळजापूर आज धाराशिव जिल्ह्यात असले, तरी लातूर १९८२ पर्यंत त्याच जिल्ह्याचा भाग होता. त्यामुळे या दोन्ही शाखांच्या वाटा नांदेड-लातूरच्या गावांतूनच एकमेकींना मिळतात. शेजारच्या परभणीचे राजाराम कदम यांनी ही कला गावाच्या वेशीबाहेर नेऊन तिला रंगमंचावर मान मिळवून दिला.

गोंधळाचा मेळ लहानमोठा असू शकतो, पण त्याचा गाभा चौघांचा. पहिला नायक. पायघोळ अंगरखा आणि गळ्यात कवड्यांची माळ घातलेला हा मुख्य गोंधळी देवतांना आवाहन करतो, आख्यान सांगतो आणि गातो. दुसरा संबळवादक. एक लहान व एक मोठे अशी दोन जोडलेली चर्मवाद्ये कमरेला बांधून तो काड्यांनी वाजवतो. नायकाच्या पावलाला वेग येतो तो त्याच्या हातामुळे. तिसरा तुणतुणेवाला. पोकळ लाकडी नळकांडे, तळाला चामडे, बाजूला काठी आणि त्यात ताणलेली एकच तार. या तारेवर एकच स्वर वाजतो आणि तो रात्रभर वाजत राहतो. चौथा झांज धरणारा. तोच पुष्कळदा दिवटीत तेल घालतो, नायकाला हुंकार देतो आणि आख्यान रंगात आले की भाबडेपणाचा आव आणून त्याला प्रश्नही विचारतो. नायक उत्तर देतो आणि त्या उत्तरातूनच कथा पुढे सरकते.

शास्त्राच्या नजरेने पाहिले तर तुणतुणे हे तत वाद्य, संबळ अवनद्ध, झांज घन आणि सुषिराच्या जागी माणसाचा कंठ. कोणत्याही पाठशाळेत न गेलेल्या कलावंतांनी ग्रंथातील चारही वर्ग एका अंगणात उभे केले आहेत.

याच परिसरात खंडोबाचे जागरण होते. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावची यात्रा भरते, तेथे वाघ्या-मुरळीचे मेळ उतरतात. वाघ्याच्या हाती दिमडी, जोडीदाराच्या हाती तुणतुणे, मुरळीच्या हाती घोळ. तमाशाच्या फडातही वादकांची मांडणी अशीच. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज वा मंजिरी. तुणतुणे घेऊन मागे उभा राहणाऱ्याला तेथे ‘सुरत्या’ म्हणतात. शाहिराच्या मागेही तोच उभा असतो. पोवाड्यात शाहिराने डफावर थाप मारून ओळ फेकायची आणि झीलकऱ्यांनी ती उचलायची. शाहीर श्वास घेतो त्या क्षणी सूर तुटत नाही, कारण तो सुरत्याने धरलेला असतो. प्रेक्षकांच्या लक्षात राहतो शाहीर, पण त्याला बिनघोर गाऊ देणारा माणूस त्याच्या पाठीमागे असतो.

मांडवातील सनई

व्यापारी घरांना अधिक परिचित मेळ सनईचा. ‘चौघडा’ या शब्दातच ‘चौ’ आहे. देवळांच्या आणि गढ्यांच्या नगारखान्यात ठरलेल्या प्रहरी वाजणारा हा मंगलवाद्यांचा संच पुढे लग्नमांडवात आला, तेव्हा तो आटोपशीर झाला. आजच्या सनईच्या ताफ्यात साधारणपणे मुख्य सनईवादक, त्याची सनई उचलून धरणारा दुसरा सनईवादक, नुसता सूर देणारा तिसरा आणि संबळ किंवा ढोलकी वाजवणारा चौथा अशी मंडळी असतात.

यांतील सूर देणाऱ्याकडे एकवार नीट पाहावे. त्याच्या सनईतून एकच स्वर निघतो. बोटांची हालचाल नाही, तान नाही, वाहवा तर नाहीच. मात्र तो स्वर क्षणभरही थांबून चालत नाही. त्यासाठी गालांत हवा साठवायची, ती हळूहळू सनईत सोडत असतानाच नाकाने श्वास घ्यायचा आणि स्वर न हलू देता पुन्हा गाल भरायचे, ही कसरत तासन्‌तास करावी लागते. ती साधायला दीर्घ मेहनत लागते. पाहणाऱ्याला मात्र वाटते की हा माणूस काहीच करीत नाही. ‘तिघे आले तर चालेल’ असे ठरते, तेव्हा सर्वप्रथम गळतो तो हाच.

गुरुद्वारातील जथा

नांदेड हे शीख बांधवांचे महान तीर्थ. गुरू गोविंदसिंगजींचे १७०८ मध्ये येथेच निर्वाण झाले. तख्त सचखंड श्री हुजूर साहिबची आजची वास्तू महाराजा रणजितसिंहांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत उभी राहिली. कामानिमित्त नांदेडला जाणारे अनेक व्यापारी तेथे कीर्तन ऐकायला थांबतात.

शीख परंपरेत कीर्तन करणाऱ्या गटाला ‘जथा’ म्हणतात आणि आजचा रूढ जथा तिघांचा आहे. मुख्य रागी, सहगायक रागी आणि तबलावादक. दोघा रागींपुढे हार्मोनियम असते. पण ही रचना फार जुनी नाही. गुरू नानकदेवांसोबत भाई मर्दाना रबाब वाजवीत, हे सर्वविदित आहे. पुढे सारंदा, ताऊस, दिलरुबा ही तंतुवाद्ये कीर्तनात आली. गुरू ग्रंथसाहिबातील रचना ३१ मुख्य रागांत बांधलेल्या आहेत आणि रागातील मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, हे तारेवरच साधते. इंग्रजी अमदानीत हार्मोनियम आली. ती शिकायला सोपी, आवाजाला मोठी आणि सूर लावण्याची कटकट नसलेली. हळूहळू तंतुकार मागे पडला आणि त्याच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांची विद्याही विरळ झाली.

गेल्या काही दशकांत शीख समाजातील जाणकारांनी ही हानी ओळखली आणि तंतुवाद्ये परत आणण्याचा प्रयत्न नेटाने सुरू केला. जेथे तो यशस्वी झाला, तेथे तिघांच्या जथ्यात दिलरुबा वा रबाब घेऊन चौथा माणूस पुन्हा बसू लागला. एक जागा रिकामी होण्यास फारसे काही लागले नाही. ती पुन्हा भरण्यासाठी मात्र वाद्य घडवणारे, शिकवणारे आणि शिकणारे असे सगळेच नव्याने उभे करावे लागले.

मैफलीतील मागची बैठक

शास्त्रीय गायनाच्या मैफलीत कामाची वाटणी अगदी स्पष्ट दिसते. मध्ये गायक, एका हाताला तबला, दुसऱ्या हाताला हार्मोनियम आणि मागे तानपुरा. मोठ्या मैफलीत तानपुरे दोन असतात, तरी कामे चारच. तानपुऱ्यालाही चार तारा. पहिली बहुधा पंचमाची, मधली जोडी षड्जाची आणि शेवटची खर्जाची. या तारांवर राग वाजत नाही. त्या फक्त गायकाला त्याचे घर कोठे आहे, हे सांगत राहतात.

तानपुरा घडवावा तो मिरजेने, अशी ख्याती आहे. मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तथापि आज बहुतेक ठिकाणी तानपुऱ्याच्या जागी विजेवर चालणारी लहान पेटी किंवा मोबाइल दिसतो. बंगळूरचे अभियंते जी. राज नारायण यांनी बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने एक मोठी सोय केली, हे निःसंशय. एकट्याने रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याला पहाटे चार वाजता तानपुरा छेडणारा सोबती कोठून मिळणार? त्याच्यासाठी ही पेटी वरदानच ठरली.

पण मैफलीच्या मंचावर तानपुऱ्यामागे पूर्वी कोण बसत असे? गायकाचा शिष्य. नांदेडच्या मातीत घडलेले पं. नाथराव नेरळकर (१९३५–२०२१) यांच्यासारख्या गुरूंनी मराठवाड्यात संगीताची जी पिढी तयार केली, ती काही केवळ वर्गात बसून तयार झाली नाही. गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसावे, राग उलगडताना हातभराच्या अंतरावरून ऐकावा, गुरूने मान वळवली की एखादी ओळ गावी आणि पुन्हा गप्प व्हावे, हे शिक्षण कोणत्याही शालेय वेळापत्रकात बसत नाही. श्रोत्यांपुढे बसण्याची भीती तेथेच मोडते. गुरूने चूक कशी सावरली, कंटाळलेली सभा कशी परत मिळवली, हे तेथूनच दिसते.

गोंधळ्यांच्या घरीही रीत अशीच. मुलगा बहुधा आधी झांज हाती घेतो, मग तुणतुणे. आख्याने कानावर पडत जातात, संबळाचे बोल अंगात मुरतात आणि एके दिवशी काका वा वडील थकले की तो पुढे येतो. सनईच्या ताफ्यातही नवशिक्याला प्रथम सूर धरायला देतात. म्हणजे चौथी जागा दिसायला सर्वांत गौण असली, तरी तीच त्या मेळाची शाळा आहे. त्या शाळेला वेगळी इमारत नाही, फी नाही, अनुदान नाही. यजमानाने दिलेल्या बिदागीतला एक वाटा, एवढेच तिचे उत्पन्न.

सातासमुद्रापलीकडील चौकड्या

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. युरोपीय अभिजात संगीतात तंतुवाद्यांची चौकडी हा सर्वांत प्रतिष्ठित लहान मेळ मानला जातो. त्यात दोन व्हायोलिन, त्यांच्याहून थोडा मोठा व खोल आवाजाचा व्हियोला आणि मांड्यांमध्ये उभा धरून वाजवायचा चेलो असतो. ऑस्ट्रियाचे संगीतकार हायडन (१७३२–१८०९) यांनी या चौकडीसाठी साठाहून अधिक रचना करून तिला स्थिर रूप दिले. यात पहिले व्हायोलिन बहुतेक वेळा पुढे असते, चेलो पाया देतो आणि व्हियोला मधल्या थरात राहतो. ऐकणाऱ्याला तो वेगळा ऐकू येणे कठीण.

१७८४ च्या सुमारास व्हिएन्नातील एका घरगुती बैठकीत चार नामवंत संगीतकार एकत्र वाजवायला बसले होते, अशी आठवण आयरिश गायक मायकेल केली यांनी लिहून ठेवली आहे. पहिले व्हायोलिन हायडन यांच्याकडे, दुसरे डिटर्सडॉर्फ यांच्याकडे, चेलो वानहाल यांच्याकडे आणि व्हियोला मोझार्ट यांच्याकडे. त्या काळातील सर्वांत तेजस्वी प्रतिभेचा पुरुष सर्वांत कमी लक्ष वेधणाऱ्या जागेवर बसला होता. मोझार्ट यांना व्हियोला वाजवणे आवडत असे. आजूबाजूचे सर्व स्वर ऐकू येतील, अशीच ती जागा आहे.

अमेरिकेत वाद्याविना चौघांनी गाण्याचा ‘बार्बरशॉप’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात मुख्य चाल गाणाऱ्याच्या वर एक आवाज असतो, सर्वांत खाली खर्ज असतो आणि ‘बॅरिटोन’ हा चौथा आवाज उरलेल्या फटी भरतो. एकट्याने गायला तर त्याची ओळ गाणे वाटतही नाही. जाझ संगीतातील ‘मॉडर्न जाझ क्वार्टेट’ १९५२ मध्ये स्थापन झाले. त्यात पियानो, काठ्यांनी वाजवायचे व्हायब्राफोन, मोठे बास आणि ड्रम अशी वाटणी होती. स्वीडनच्या ‘आबा’ या लोकप्रिय चौकडीत दोन स्त्रिया गात आणि दोन पुरुष चाली बांधून वाद्ये वाजवत. वाटणी निराळी, पण प्रत्येकाचे काम ठरलेले.

बीटल्सचे नाव तर घराघरांतील तरुण जाणतात. लिव्हरपूलच्या या मेळात तिघांच्या हाती गिटार होती आणि चौथा ड्रम वाजवी. १९६२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आपला ड्रमवादक बदलून रिंगो स्टार यांना घेतले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका बाजारात आली. गाणी मुख्यतः लेनन आणि मॅकार्टनी यांची. तरीही त्यांनी मागची जागा भरली ती पूर्ण विचार करूनच.

भारताच्या दृष्टीने ‘शक्ती’ हा मेळ विशेष उल्लेखनीय. १९७० च्या दशकात इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन, व्हायोलिनवादक एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन आणि घटमवर विक्कू विनायकराम असे चौघे एकत्र आले. तबला उत्तरेचा, घटम दक्षिणेचा. घटम म्हणजे मातीचे मडके, पण त्या मडक्यावाचून ‘शक्ती’ची कल्पना करवत नाही.

काटकसर कोठे करावी?

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे. चौघांऐवजी तिघे चालतील का? त्या एका संध्याकाळपुरते पाहिले तर चालतील. सूर पेटी देईल, झांज ध्वनिमुद्रित असेल, ध्वनिक्षेपक मोठा असेल आणि बहुतेक पाहुण्यांच्या लक्षातही येणार नाही. यजमानाचे काही पैसेही वाचतील.

नुकसान दिसते ते वीस वर्षांनी. व्यापारी घराण्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पेढीवर नवा मुलगा येतो तेव्हा पहिल्या वर्षी तो काय कमावतो? तो पाणी आणतो, पावत्या लावतो, गिऱ्हाईक आणि सेठजी यांचे बोलणे ऐकतो. जमाखर्चात पाहिले तर त्याचा पगार हा निव्वळ खर्च. पण त्याला काढून टाकणारी पेढी पुढच्या पिढीत चालवणार कोण? भाव पाहून माल ओळखण्याची नजर पुस्तकातून येत नाही, गादीजवळ बसूनच येते. कलावंतांच्या मेळातील चौथा माणूस हा त्यांच्या पेढीवरचा असाच नवा मुलगा आहे.

गोंधळाची गोष्ट आणखी अवघड झाली आहे. पूर्वी तो रात्रभर चाले. आता घराच्या अंगणाची जागा मंगल कार्यालयाने घेतली आणि कार्यालयाची वेळ ठरलेली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आहे. ती सर्वांच्या हिताचीच आहे. पण रात्रभराचा गोंधळ दीड-दोन तासांवर आला की आख्यान आटते. आख्यान आटले की प्रश्न विचारणाऱ्याचे काम संपते आणि मग त्याला सोबत आणण्याचे कारणही उरत नाही. वेळ, माणूस आणि विद्या अशा क्रमाने एकेक गोष्ट गळत जाते. कोणी मुद्दाम ही कला मोडीत काढत नाही. प्रत्येक जण आपापल्या परीने थोडी काटकसर करतो, इतकेच.

यावर उपायही यजमानांच्या हातात आहे आणि तो खर्चिक नाही. मेळ ठरवताना ‘किती घेणार?’ याबरोबरच ‘किती जण येणार आणि कोण काय वाजवणार?’ असे विचारावे. शिकाऊ मुलगा सोबत येणार असेल, तर त्याचा वाटा वेगळा काढून त्याच्याच हाती द्यावा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या वाद्याचे पहिले पैसे मिळणे, ही त्याच्यासाठी केवढी मोठी गोष्ट असते! ध्वनिक्षेपकाचा एक भोंगा मांडवाबाहेर कमी लावला, तरी हा वाटा सहज निघतो. सूर देणाऱ्याला आणि तुणतुणेवाल्याला मांडवाच्या कोपऱ्यात न ढकलता इतरांबरोबर बसायला जागा द्यावी, जेवणाची पंगत चौघांची एकत्र असावी आणि निरोप देताना चौघांचीही नावे घ्यावीत. कार्यक्रमपत्रिका छापली जात असेल, तर गायकाबरोबर तानपुऱ्यावर कोण बसले, हेही एका ओळीत छापावे.

भजनी मंडळे आणि सामाजिक संस्थांना याहून थोडे अधिक करता येईल. संगीतसंध्येसाठी कलावंत बोलावताना, जेथे शक्य आहे तेथे पेटीऐवजी हाताने छेडलेला तानपुरा असावा, असा आग्रह धरावा आणि मंडळातीलच एखाद्या संगीत शिकणाऱ्या मुलीला वा मुलाला त्यामागे बसण्याची संधी मागून घ्यावी. पुष्कळ गायक ती आनंदाने देतात. दोन तास निमूटपणे चार तारा छेडत बसलेल्या त्या मुलाला त्या दिवशी जे ऐकू येते, ते पहिल्या रांगेतील श्रोत्यालाही ऐकू येत नाही.

देवगिरीच्या दरबारातील तो हिशेबनीस चार मुख्य गायकांमागे अठ्ठावीस साथीदार मोजून गेला. जमाखर्च त्यालाही कळत होता. मेळाच्या खात्यात साथीदाराची नोंद खर्चाकडे नव्हे, भांडवलाकडे करायची असते, हे त्याला ठाऊक होते. मराठवाड्यातील पेढ्यांनाही ही नोंद अपरिचित नाही.